मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि घरून निघायचं कधी

"न्यूयॉर्क मुंबईहून किती लांब गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं आणि मी सवयीनं म्हटलं, "सोळा तास." काकू निवृत्त शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, "मी अंतर विचारलं, तू वेळ सांगतेस. आणि सोळा तास कुठून कुठे? माझ्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत?"

त्यांचं बरोबर होतं. अंतर, विमानातला वेळ आणि घर ते घर लागणारा वेळ हे तीन वेगळे आकडे आहेत. आपण ते एकात कालवतो आणि मग कुणी विमानतळावर सात तास आधी जाऊन बसतो, तर कुणाचं विमान चुकतं. त्या संध्याकाळी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही हे गणित पहिल्यापासून मांडलं. पुढे सोसायटीतल्या आणखी काही जणांसाठीही मांडलं. तीच पद्धत इथे देते. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं आहे, पण कुठल्याही दोन शहरांना ती चालते.

दोरा आणि पृथ्वीगोल

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. भिंतीवरचा नकाशा घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी दोरा विषुववृत्तावरून एक पूर्ण वेढा देऊन मोजा. पृथ्वीचा हा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. काकूंच्या गोलाचा वेढा ९४ सेंटिमीटर भरला, म्हणजे एक सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. तुमचा गोल लहान असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून पहिल्यांदा वेढा मोजायचाच.

मग एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. काकूंनी आधी तो अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया असा आडवा लावला होता. जरा ताण दिल्याबरोबर तो बोटाखालून सटकला आणि वर सरकत उत्तरेला जाऊन थांबला. सिंध, क्वेट्याची बाजू, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. "अगं, हा तर बर्फातून चाललाय!" काकू म्हणाल्या. दोरा मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर. गुणिले ४२५ म्हणजे १२,५०० किलोमीटरच्या थोडं वर.

गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट हीच. तिला बृहद्वृत्त म्हणतात. ही वाट मुंबईहून निघताना जवळपास वायव्येकडे, नीट सांगायचं तर उत्तरेकडे जास्त झुकून निघते आणि आइसलंडच्या पूर्वेला ६४–६५ अंश अक्षांशापर्यंत चढते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली 'सरळ' वाट गोलावर मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर जास्त. भिंतीवरचा नकाशा नको म्हटलं ते यासाठी.

कॅल्क्युलेटरवर पडताळा

दहावीच्या त्रिकोणमितीची आठवण असेल त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण मला स्वतःला हे गणित सुटलं तेव्हा फार आनंद झाला होता, म्हणून सांगते.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यानं रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (म्हणजे वरच्या १४६.६५ अंशांचा) कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. दोन्हींची बेरीज −०.३८६०. याचा उलटा कोसाइन काढला की कोन येतो ११२.७ अंश. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना ते आधी बघा. रेडियनवर राहिला तर भलतंच उत्तर येतं, आणि तीच चूक सर्वांत जास्त होते.

पुढची पायरी मला सगळ्यांत आवडते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशात ६० कला आणि एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. म्हणून ११२.७ × ६० = ६,७६२ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे १२,५२३ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्यानं संकेतस्थळांवरच्या आकड्यात वीस-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. दोरा, कॅल्क्युलेटर आणि संकेतस्थळ तिन्ही जुळले की खुशाल साडेबारा हजार किलोमीटर धरा.

घाईत असाल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' या संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांची तीन अक्षरी चिन्हं (बीओएम आणि जेएफके) टाका, अंतर आणि वाट दोन्ही दिसतात. फक्त एकक बघा. हेच अंतर साध्या मैलांत सुमारे ७,७९० आणि सागरी मैलांत ६,७६५ च्या आसपास येतं. नुसतं 'मैल' लिहिलेलं असेल तर कुठला मैल ते तपासा, नाहीतर हजार मैलांचा घोळ होतो.

विमान दोऱ्यावरून जात नाही

दोऱ्यानं दाखवलेली वाट ही कमीत कमी अंतराची. प्रत्यक्षात आकाशालाही हद्दी असतात. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि पुढे ही बंदी महिन्या-महिन्यानं वाढवत नेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या रशियावरून उडत नाहीत. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराणचं आकाश बंद झालं आणि कतारचंही काही तास. म्हणजे एकाच मुंबई–न्यूयॉर्कसाठी दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि तीच कंपनी सहा महिन्यांनी वेगळ्या वाटेनं जाऊ शकते.

दिल्लीपेक्षा मुंबईची बाजू इथे बरी आहे. आपल्याला समोर अरबी समुद्र मोकळा मिळतो. ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, युरोप अशी वाट धरता येते. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी खाली येऊन मग पश्चिमेला वळावं लागतं.

माझा ठोकताळा असा: बृहद्वृत्ताच्या अंतरात तीन ते पाच टक्के वाढवायचे. १२,५३० चे होतात सुमारे १३,०००. अगदी नेमकं हवं असेल तर 'फ्लाइटरडार २४' किंवा 'फ्लाइटअवेअर' वर त्या विमानाच्या क्रमांकाच्या मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या बघा. वाट आणि लागलेला वेळ दोन्ही समजतात, आणि तिकिटावरच्या वेळेपेक्षा मी त्यांवर जास्त विसंबते.

विमानातला वेळ

मोठी जेट विमानं साधारण ९०० किलोमीटर ताशी वेगानं जातात. १३,००० भागिले ९०० केलं की साडेचौदा तास येतात. पण मुंबईहून जाताना तिकिटावर सोळाच्या आसपास दिसतात आणि येताना चौदा-सव्वाचौदा. वाट तीच, विमान तेच, मग दोन तास कुठे गेले?

वाऱ्यात गेले. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात कधी कधी तीनशेच्याही वर. विमानाचा ९०० चा वेग असतो तो हवेच्या संदर्भात. हवाच अंगावर येत असेल तर जमिनीवरून बघताना तेवढा वेग कमी. भरतीच्या उलट होडी वल्हवणाऱ्याला हे सांगायला नको.

सगळा प्रवास काही झोतातून होत नाही, म्हणून सरासरी धरायची: पश्चिमेला जाताना ८५०, पूर्वेला येताना ९५०. जाताना १३,००० ÷ ८५० म्हणजे १५ तास १८ मिनिटं. येताना १३,००० ÷ ९५० म्हणजे १३ तास ४० मिनिटं. दोन्हींत धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यांची अर्धा तास भर घाला. जाताना पावणेसोळाच्या थोडं वर, येताना चौदा तास दहा मिनिटं. तिकिटाशी ताडून बघा, फारसा फरक सापडणार नाही.

तिकिटावरचा वेळ विमानतळ ते विमानतळ असतो, म्हणजे मुंबईत विमान जागेवरून हललं तिथपासून न्यूयॉर्कला जागेवर उभं राहीपर्यंतचा. कप्तान सांगतो तो नुसता हवेतला वेळ. दोन्हींत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक असतो, त्यानं घाबरू नका.

घड्याळांचं गणित

बहुतेक घोळ इथेच होतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. दोन वेळांची सरळ वजाबाकी केली तर रात्री एकला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क, म्हणजे साडेसहा तासांत अमेरिका!

पद्धत अशी ठेवा. आधी सगळं भारतीय वेळेत लिहायचं, शेवटी एकदाच बदलायचं. रात्री १:०० ला उड्डाण, १६ तास, म्हणजे भारतात संध्याकाळचे ५:००. आता फरक वजा करा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून उन्हाळ्यात सकाळी ७:३०, हिवाळ्यात ६:३०, तारीख तीच.

परतताना उलट. न्यूयॉर्कहून सोमवारी सकाळी ११:३० ला निघालात, सव्वाचौदा तास, म्हणजे तिथल्या घड्याळात मंगळवारी पहाटे १:४५. त्यात उन्हाळ्यातले साडेनऊ तास मिळवा: मंगळवारी सकाळी ११:१५, मुंबई. घ्यायला येणाऱ्याला 'सोमवारी निघतोय' असं सांगू नका, 'मंगळवारी सव्वाअकराला उतरतोय' असं सांगा.

उन्हाळा-हिवाळ्याची सीमा अमेरिकेत २००७ पासून ठरलेली आहे: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. भारतात घड्याळ हलत नाही, म्हणून फरक बदलतो. लंडनचे रविवार वेगळे, मार्च आणि ऑक्टोबर दोन्हींतले शेवटचे. कॅलिफोर्नियाचा फरक साडेबारा-साडेतेरा तास. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी आणि हवाईत घड्याळ हलवतच नाहीत.

आणि आता मध्यरात्र. आपल्याकडची बरीच लांब पल्ल्याची विमानं रात्री बारानंतर सुटतात. माझ्या वडिलांचं तिकीट १२ तारखेचं होतं, वेळ ००:५०. आम्ही सगळे १२ च्या रात्री जायचं म्हणून निवांत. १२ ला दुपारी मी चेक-इन करायला बसले आणि कळलं की विमान बारा तासांपूर्वीच गेलं. बाबा बॅगेला कुलूप लावत होते. त्यांना ते सांगतानाची खोलीतली शांतता मी विसरलेले नाही. तेव्हापासून बारा ते पहाटे चारमधलं विमान असेल तर मी कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल पेननं लिहिते: 'आज संध्याकाळी निघायचं.' तुम्हीही लिहा.

थेट की मध्ये थांबून

मुंबईहून दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबईहून न्यूयॉर्क ११,०००. बेरीज बारा हजार नऊशेच्या थोडी वर, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम चारशे जास्त. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५५०, म्हणजे दोनशेच्या आसपासच जास्त. कारण लंडन जवळजवळ वाटेतच आहे. १९६० साली एअर इंडियानं बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गेच होती. मुंबईहून न थांबता न्यूयॉर्क गाठायला एअर इंडियाला २००७ उजाडलं.

तात्पर्य, थांबून जाण्यात अंतर फारसं वाढत नाही. वेळ वाढतो तो बाकड्यावर बसून. समजा मुंबईहून ४:३० ला निघालात आणि ३ तास १० मिनिटांनी दुबईला पोचलात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिथले ६:१०. दोन तास वीस मिनिटं थांबा, ८:३० ला पुढचं विमान, त्याचे १४ तास. एकूण १९ तास ३० मिनिटं, थेटपेक्षा साडेतीन तास जास्त. हाच थांबा नऊ तासांचा असेल तर सव्वीस तासांच्या वर. तिकीट निवडताना 'एक थांबा' या शब्दांवर जाऊ नका, एकूण वेळ बघा.

दीड तासापेक्षा कमी थांबा मी ज्येष्ठांसाठी कधीच घेत नाही. दोन टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं बुडतं आणि त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. अमेरिकेत उतरून पुढे डॅलसला वगैरे जायचं असेल तर साधारणपणे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, म्हणून तिथे किमान तीन तास ठेवा. अबूधाबी आणि डब्लिन इथे मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्यापूर्वीच उरकतं. पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या आईवडिलांसाठी ही मोठी सोय आहे. ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात, तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

दार ते दार

आता विमानतळांची चिन्हं नीट बघा. मुंबईचं बीओएम. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्याचं एनएमआय. टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगून चालायचं नाही. तिकडेही केनेडी म्हणजे जेएफके आणि नेवार्क म्हणजे ईडब्ल्यूआर. नेवार्क न्यू जर्सीत आहे. एडिसनसारख्या गावांत आपली मराठी माणसं पुष्कळ, त्यांना नेवार्कच जवळ. केनेडीला उतरलात तर न्यूयॉर्क शहराची गर्दी ओलांडून यावं लागतं.

काकू पुण्यात कोथरूडच्या, लेक एडिसनला. विमान रात्री १:०० चं, उन्हाळ्यातलं, नेवार्कचं. उलटं मोजायचं: चेक-इनसाठी तीन तास, म्हणजे रात्री १०:००. वर अर्धा तास हाताशी, ९:३०. कोथरूडहून सहारपर्यंत, म्हणजे मुंबई विमानतळापर्यंत, दीडशेच्या आसपास किलोमीटर. एरवी तीन-साडेतीन तासांत होतं, पण खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक बंद पडला की सगळं बदलतं. म्हणून चार तास, आणि पावसाळ्यात किंवा शुक्रवारी-रविवारी पाच. घरून निघायचं ५:३० ला.

सकाळी ७:३० ला नेवार्क. इमिग्रेशन आणि सामान मिळून दोन तास धरा, ९:३०. गाडीनं तास, १०:३०. म्हणजे भारतात रात्रीचे ८:००. काल संध्याकाळी साडेपाच ते आज रात्री आठ: साडेसव्वीस तास. त्यातले विमानातले सोळाच. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

या साडेसव्वीस तासांवरूनच गोळ्यांचं ठरवायचं. हातातल्या घड्याळात भारतीय वेळ राहू द्या, मोबाइल तिथली दाखवेलच. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि इन्सुलिनच्या वेळा निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला. पोचल्यावर झोपेचं चक्र बसायला घड्याळातल्या फरकाच्या दर तासाला साधारण एक दिवस लागतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की जाताना ते लवकर बसतं, परत आल्यावर वेळ लागतो. आल्या-आल्या लग्नकार्य ठेवू नका.

निघायच्या दिवशी दुपारी एकदा आणि घरून निघताना एकदा विमानाची स्थिती बघा. तेच विमान न्यूयॉर्कहून वेळेवर सुटलं का हे फ्लाइटरडारवर दिसतं. तिकडूनच चार तास उशिरा निघालं असेल तर इथूनही उशीर होणार, हे आधीच कळतं. तरी कंपनीनं नवीन वेळ कळवल्याशिवाय घरातून निघायची वेळ बदलू नका.

काकूंच्या फ्रिजवर शेवटी एक चिठ्ठी लागली होती. मोठ्या, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात: '११ तारीख, संध्याकाळी ५:३०, गाडी. १२ तारीख, रात्री १:००, विमान. तिथे १२ चीच सकाळ, १०:३०, घर.' आणि खाली बारीक अक्षरात, '१२,५३० किमी'.